चौशिंगा आणि मुशी

मेळघाट-ताडोब्याच्या रानातला चौशिंगा कुठे आणि समुद्राच्या तळाशी पडून राहणारी दीड हाताची बांबू शार्क, म्हणजे एक जातीची मुशी, कुठे! पण दोघांची वीण पाहा. शेळी ५ महिन्यांत विते. तिच्याएवढीच चौशिंग्याची मादी सुमारे ८ महिने गाभण राहते, पाडस एक, फार तर दोन. (चार शिंगे मात्र नरालाच.) इतर मासे हजारोंनी अंडी घालतात, ही मुशी एका वेळी एखाद-दोनच. तळ खरवडणाऱ्या जाळ्याने झालेली तूट मग भरणार कशी?

रानातही तेच. चौशिंगा ठरल्या जागीच लेंड्या टाकतो. शेताकडेला असा ढीग दिसला, तर डुकरासाठी तारेचा फास तिथे लावू नका. सापडायचा तोच, आणि १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.