काळ्या ताऱ्याचा हिशेब

घानाच्या ध्वजावर मध्यभागी जो काळा तारा आहे, त्याचेच नाव त्या देशाच्या फुटबॉल संघाने धारण केले आहे. ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झालेल्या या राष्ट्राचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी खेळाकडे राष्ट्रबांधणीचे साधन म्हणून पाहिले. १९६३ व १९६५ साली संघाने लागोपाठ आफ्रिकेचे अजिंक्यपद पटकावले. १९६६ च्या विश्वचषकासाठी आफ्रिका, आशिया व ओशियानिया या तिघांना मिळून एकच जागा देऊ केली गेली, तेव्हा घानाच्या पुढाकाराने आफ्रिकी देशांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. परिणामी १९७० पासून आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली. मैदानाबाहेरचा हा विजय अजिंक्यपदाहून कमी मोलाचा खचितच नव्हता.

१९७८ व १९८२ च्या यशाने अजिंक्यपदे चार झाली. पाचवे अद्याप आलेले नाही. १९९२ आणि २०१५ चे अंतिम सामने आयव्हरी कोस्टविरुद्ध पेनल्टींवर गेले. २०१० च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडविला आणि ग्यानची पेनल्टी आडव्या खांबावर आदळली. आफ्रिकेला प्रथमच उपांत्य फेरी दिसली असती. ते भाग्य पुढे २०२२ साली मोरोक्कोला लाभले.

परंतु सारा दोष दैवावर टाकून भागणार नाही. घाना कोको पिकवतो आणि त्यातील बराचसा कच्च्या स्वरूपातच निर्यात करतो. चॉकलेटचा नफा परदेशी कारखानदारांच्या पदरी पडतो. खेळाडूंचेही तेच. होतकरू मुले कोवळ्या वयात युरोपातील क्लबांकडे जातात, त्यांचे मोल तेथे वाढते आणि मायदेशातील लीग ओस पडते. त्यात कारभाराची शिस्त नाही. २०१४ साली ब्राझीलमध्ये खेळाडूंनी मानधनासाठी सराव थांबविला, तेव्हा सरकारला सुमारे ३० लाख डॉलर रोख विमानाने धाडावे लागले. २०१८ मध्ये गुप्त चित्रीकरणाने लाचखोरीचे प्रकरण उघडकीस येताच फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले.

२०२४ साली हाच संघ आफ्रिकी स्पर्धेच्या पात्रता फेरीत एकही सामना न जिंकता गटात तळाला राहिला. पुढच्याच वर्षी त्याने २०२६ च्या विश्वचषकात प्रवेश मिळविला. गुणवत्तेचा दुष्काळ असता, तर हे घडते ना. वाण आहे ते संस्थांचे. कच्चा माल विपुल असलेला देश आपोआप श्रीमंत होत नाही, हा अर्थशास्त्राचा धडा फुटबॉललाही चुकलेला नाही.