सोलापूरची पेठ
सोलापूरची पेठ : सोलापूर शहराचा तटबंदीतील जुना भाग. भुईकोट किल्ल्यालगत वाढलेली ही सरहद्दीवरील व्यापारी वसाहत असून मंगळवार पेठ, साखर पेठ, कसबा इ. विभाग आज दाट लोकवस्तीचे आहेत. मराठी, कन्नड व तेलुगू भाषाप्रदेश येथून जवळ असल्याने तिन्हींकडील माल व माणसे येथे एकत्र येत. मंगळवार पेठेचे नाव आठवड्याच्या बाजाराचे स्मरण देते.

बहमनी सत्तेच्या विघटनानंतर विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवर सोलापूर आले. १५२४ च्या सुमारास दोन्ही घराण्यांत झालेल्या विवाहात सोलापूर आंदण म्हणून कबूल झाले. पण ते न दिल्याने दीर्घकाळ लढाया झाल्या. पुढे चांदबीबीच्या विवाहात ते आदिलशाहीस मिळाले व १६६८ मध्ये मोगलांकडे गेले. अशा सत्तांतरांत व्यापाऱ्यांना तटाचाच आधार होता. मे १८१८ मध्ये टॉमस मन्रोच्या फौजेने प्रथम शिड्या लावून पेठ घेतली व त्यानंतर काही दिवसांतच किल्ला शरण आला.

इंग्रजी अमलातही सरहद्द दूर गेली नाही : तुळजापूर, नळदुर्ग हा मुलूख निजामाच्या राज्यात, तर अक्कलकोट संस्थानात होते. १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १८६० मध्ये लोहमार्ग आल्यावर आसमंतातील कापूस, धान्य व गळिताची धान्ये येथे जमू लागली आणि तट वाढीच्या आड आला. १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने पूर्वेकडील सर्व तट व इतर बाजूंचा काही भाग पाडला. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती पूर्वेकडे वाढली व सोलापुरी चादर प्रसिद्धीस आली.

१९४८ मध्ये हैदराबाद व अक्कलकोट ही संस्थाने विलीन झाली; १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली व १९६४ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. घाऊक शेतमालाचा व्यापार पुढे हैदराबाद रस्त्यावरील बाजार आवारात गेला, जुनी गिरणीही बंद पडली. तथापि किरकोळ बाजार टिकून आहे, आणि मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा येथे सर्रास ऐकू येतात. तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस, कुंभार वेस ही नावेही रूढ आहेत. त्यांपैकी पहिली दोन गावोगावच्या रस्त्यांवरून पडली असून, तट गेल्यानंतरही पेठेचे जुने व्यापारी मार्ग ती दर्शवितात.