लेकरू पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर

वर्षानुवर्षं कोरडं झोपणारं लेकरू आठव्या-नवव्या वर्षी पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, की घरात दोनच उपाय होतात : मार, नाहीतर अंगारा. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

बहुतेक वेळा कारण साधं निघतं. लघवीत जंतू, बद्धकोष्ठ, शाळेतली भीती, कधी मधुमेह. पण क्वचित मूळ मणक्यातल्या किंवा मेंदूतल्या गाठीत असतं. लघवीच्या पिशवीच्या नसा पाठीच्या कण्यात खालच्या बाजूला असतात. त्यांच्यावर गाठीचा दाब आला की लघवी लागल्याचं कळत नाही, किंवा ती नीट होतच नाही. पिशवी तुंबते आणि थेंबथेंब गळते. आईला वाटतं पोरगं सारखं मुततं. खरं तर पिशवी रिकामीच होत नसते. सोबत झोपेतून उठवणारी पाठदुखी, अडखळती चाल असेल तर डॉक्टरला दाखवाच. लघवी अडली किंवा पायातला जोर गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मेंदूच्या तळाशी, पिट्यूटरी ग्रंथीजवळ गाठ असली तर तऱ्हा वेगळी. लेकरू रात्रीसुद्धा तांब्यावर तांब्या पाणी पितं आणि पाण्यासारखी भरपूर लघवी करतं. डोकं दुखतं, नजर मंदावते. अशा लेकराचं पाणी तोडू नका, जीवावर बेतेल. या त्रासावर औषध आहे.

सुरुवात हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयापासून करा. पुढे नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, गरज पडली तर मुंबईत परळचं टाटा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा. मुंबईत राहायचं कुठं, ही धास्ती मोठी असते. कॅन्सरच्या लेकरांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड संस्था मोफत खोली देते, टाटातल्या समाजसेवा विभागात विचारा.

ऑपरेशननंतरही काही लेकरांची लघवी सुधारत नाही. मग दिवसा दर तीन-चार तासांनी बारीक नळी घालून पिशवी रिकामी करावी लागते. 1972 साली अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवलं, की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुकता लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. नर्सकडून नीट शिकलेली आई हे घरी करते, थोरली लेकरं स्वतःच करतात. कंटाळा केला तर तुंबलेली लघवी मूत्रपिंड खराब करते.

अडचण येते ती शाळेत. हेडमास्तरांना दवाखान्याची चिठ्ठी दाखवा आणि दोनच गोष्टी मागा : वेळ झाली की वर्गातून जायची मुभा, आणि कडी लागणारं, पाणी असलेलं संडास.