डॉल्फिनचा प्रपंच

डॉल्फिन हा मासा नव्हे, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. परंतु मासा नसून जन्मभर पाण्यात राहावयाचे म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न शाळेत कोणी विचारीत नाही. आज मला त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करावयाचा आहे. मी प्राणिशास्त्राचा पंडित नव्हे. कामगार संघटनेच्या कामात तीस वर्षे गेली, आणि जे काही वाचले ते रात्री, सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांतून. तेव्हा मधूनमधून कारखान्याची भाषा तोंडात आली, तर श्रोत्यांनी ती चालवून घ्यावी.

डॉल्फिन हा सस्तन प्राणी. रक्त उष्ण, पिलाला दूध पाजणारा आणि फुप्फुसांनी श्वास घेणारा. त्याचे पूर्वज सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी चार पायांवर चालत होते. आज जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे पाणघोडा. पाण्यात उतरल्यावर या घराण्याचे मागचे पाय गेले, पुढच्या पायांची वल्ही झाली, नाकपुड्या सरकत सरकत माथ्यावर आल्या. परंतु माशाचे कल्ले काही फुटले नाहीत. बिऱ्हाड पाण्यात आणि श्वास मात्र वरच्या हवेत, असा हा प्रपंच आहे.

आपण झोपी गेलो तरी आपला श्वास आपोआप चालू राहतो. डॉल्फिनला ती सोय नाही. त्याचा श्वास जाणूनबुजून घेतलेला असतो. १९५५ साली अमेरिकेत, फ्लॉरिडा येथे काही शास्त्रज्ञांनी डॉल्फिनच्या मेंदूचा अभ्यास करण्यासाठी त्यांना गुंगीचे औषध दिले. पाच डॉल्फिन श्वास थांबून मेले. शुद्ध हरपली तसा श्वासही हरपला.

मग तो झोपतो कसा? मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो आणि दुसरा जागा राहतो. काही वेळाने पाळी बदलते. बहुधा एक डोळाही उघडाच असतो. आपल्या गिरण्यांत पाळ्या चालत तसाच हा प्रकार, फक्त भोंगा होत नाही इतकेच.

पिलाची कथा याहून कठीण. बॉटलनोज, म्हणजे बाटलीच्या तोंडासारखे मुस्कट असलेल्या जातीची मादी सुमारे बारा महिने गर्भ वाहते आणि एकच पिलू देते. ते बहुधा शेपटीकडून बाहेर येते, आणि आल्याबरोबर त्याला पहिल्या श्वासासाठी वर जावे लागते. पुढे ते आईच्या कुशीला लागून पोहते. आईने कापलेल्या पाण्याच्या ओढीत त्याचे श्रम वाचतात. दूध दीड-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक, आणि आईची सोबत साधारणतः तीन ते सहा वर्षे. एवढा दीर्घ काळ शिकण्यासाठीच लागतो, असे मला वाटते; कारण या प्राण्याचा धंदा पुष्कळसा शिकण्याचाच आहे.

गढूळ पाण्यात डोळा काय कामाचा? माथ्याच्या श्वासरंध्राखालच्या नासिकामार्गात डॉल्फिन टकटक असे बारीक ध्वनी निर्माण करतो. कपाळावरच्या चरबीच्या गोळ्यातून ते पुढे फेकले जातात आणि एखाद्या वस्तूवर आपटून परत आले की खालच्या जबड्यातील चरबीच्या वाटेने कानाशी पोहोचतात. १९६० च्या सुमारास अमेरिकन संशोधक केनेथ नॉरिस यांनी एका डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबराच्या वाट्या बसवल्या, तरी ती अडथळे चुकवीत बिनचूक पोहत राहिली.

या टकटकीहून शिळा निराळ्या. प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिन लहानपणीच आपली स्वतःची एक शीळ ठरवतो, हे डेव्हिड व मेल्बा कॉल्डवेल या दांपत्याने १९६५ साली दाखवून दिले. २०१३ साली स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील संशोधकांनी समुद्रातल्या डॉल्फिनना त्यांच्याच शिळेची नक्कल ऐकवली, तेव्हा ज्याची शीळ त्याने उत्तर दिले. इतरांच्या शिळेला असे उत्तर सहसा येत नाही. याला नाव म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

त्याच्या हास्यावर मात्र कोणी जाऊ नये. ती जबड्याची ठेवण आहे. तो तलावात कोंडलेला असला तरी तोंडावर तेच हसू दिसते. भारत सरकारने २०१३ साली डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या केंद्रांना मनाई केली, हे योग्यच झाले. आणि डॉल्फिन म्हणजे समुद्रातला संत, ही समजूतही टाकून द्यावी. ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागरात नर दोघा-तिघांच्या टोळ्या करतात, त्या टोळ्याही आपसात युती करतात आणि एखाद्या मादीला घेरून ठेवतात. संघटना आहे म्हणजे कार्य चांगलेच असेल असे नाही. हे आम्हा संघटनावाल्यांना वेगळे सांगावयास नको.

आपल्या किनाऱ्यावर दापोलीपासून तारकर्लीपर्यंत पर्यटकांना जो दाखवतात तो बहुतेक पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. मालवणकडे त्याला गादा म्हणतात. २०१७ पासून ही जात जगभर संकटग्रस्त गणली गेली आहे. मच्छीमारांची तक्रार अशी की, तो जाळ्यातले मासे ओढतो आणि जाळे फाडतो. ही तक्रार खोटी नाही. ज्याचे जाळे फाटते त्याचे त्या दिवसाचे पोट फाटते. पण त्याच जाळ्यात डॉल्फिनही अडकतो, आणि तो बहुधा जखमेने नव्हे, वर येता न आल्याने गुदमरून मरतो. १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुरू झाली. नुकसान गरिबाने सोसावे आणि पुण्य सरकारने घ्यावे, यापेक्षा हा मार्ग पुष्कळ बरा.

कोकणातला हा वाद जाळ्यावरून आहे. त्याच जाळ्यावर जगाच्या दुसऱ्या टोकाला एक अजब भागीदारी उभी आहे. ब्राझीलच्या दक्षिणेस लागुना नावाचे गाव आहे. तेथे खाडीच्या तोंडाशी मच्छीमार कमरेइतक्या पाण्यात पाग घेऊन रांगेने उभे राहतात. आपल्याकडे ज्याला बोई म्हणतात त्या जातीचा मासा तेथे थंडीत येतो. पाणी असे गढूळ की माणसाला मासा दिसत नाही. खोल पाण्याकडून डॉल्फिन माशांचा थवा हाकीत किनाऱ्याकडे आणतात आणि मग त्यांच्यापैकी एखादा पाठ कमानीसारखी वाकवून झटकन बुडी मारतो. ती इशारत. त्याच क्षणी पाग पडतात. थवा फुटतो, काही मासे जाळ्यात, काही डॉल्फिनच्या तोंडात. त्यांना कोणी शिकवून तयार केलेले नाही, कोणी खाऊ घालीत नाही, मालक तर कोणीच नाही. मच्छीमार एकेका डॉल्फिनला ओळखतात, नावाने हाक मारतात. हे १४० वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे.

२०२३ साली या भागीदारीचा हिशेब शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. डॉल्फिन जवळ असताना मच्छीमाराला मासा मिळण्याचा संभव १७ पट, आणि मिळणारे मासे जवळजवळ चौपट. उलट बाजूने, या कामात भाग घेणाऱ्या डॉल्फिनचे जगण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा १३ टक्क्यांनी अधिक. कारण असे की, काम येणारे डॉल्फिन या किनाऱ्याजवळच राहतात आणि दूरच्या जाळ्यांत कमी अडकतात. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, तेथील पन्नास-साठ डॉल्फिनपैकी सगळेच हे काम करीत नाहीत. ज्यांच्या आया करतात त्यांची पिले बहुधा करतात. किनाऱ्यावरही पाग केव्हा टाकावी हे नवख्याला कळत नाही. जुन्याजाणत्यांच्या शेजारी उभे राहूनच ते कळते.

आता बोईचे थवे कमी होत चालले आहेत. मासे फार कमी झाले तर दोन्ही पक्षांना हे काम परवडेनासे होईल आणि भागीदारी काही दशकांत संपू शकेल, असे त्याच अभ्यासकांचे गणित सांगते. त्यात भर म्हणजे दुसऱ्या माशांसाठी चोरून लावलेली स्थिर जाळी. इशारत देणारी एखादी मादी अशा जाळ्यात गुदमरली, तर तिच्या कुशीला लागून पोहणाऱ्या पिलाला ती बुडी दाखवणारी आई उरत नाही.