यकृताच्या छुप्या रोगावर संगणकाची नजर

'हेपॅटायटिस सी'चा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. रुग्णाला मात्र त्याची गंधवार्ताही नसते. आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. पण आधी निदान तर व्हायला हवे! अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२० मध्ये जवळपास सर्वच प्रौढांना किमान एकदा तपासणी सुचवली. हाड मोडून दाखल झालेल्याच्या बाबतीत हे डॉक्टरांच्या ध्यानात राहणे कठीणच. म्हणून तेथील अनेक रुग्णालयांत संगणकच जुन्या नोंदी चाळतो आणि चाचणी झाली नसल्यास पडद्यावर सूचना झळकवतो. अर्थात, सूचनांचा भडिमार झाला की त्या न वाचताच बंद केल्या जातात. शिवाय, रक्तात प्रतिपिंडे आढळली म्हणजे विषाणू अंगात आहेच असे नव्हे. त्यासाठी आरएनए चाचणी लागते. ती त्याच रक्तनमुन्यावर केली नाही, तर रुग्ण तोवर घरी गेलेला असतो.