फोनवर फुंकर: ‘ओकारिना’ची चढती-उतरती कमान

ओकारिना म्हणजे हातात मावणारं, बहुधा मातीचं, भोकं पाडलेलं सुषिर वाद्य. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणक-संगीताचे अभ्यासक गे वांग आणि जेफ स्मिथ यांनी 2008 मध्ये ‘स्म्यूल’ ही कंपनी काढली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हे वाद्य आयफोनवर आणलं. किंमत एक डॉलरहूनही कमी.

त्याची करामत खरोखर देखणी होती. वादक मायक्रोफोनमध्ये फुंकर घालतो. फुंकरीचा नाद फोन वाजवत नाही, फक्त तिचा जोर मोजतो आणि त्यानुसार स्वर लहान-मोठा करतो. पडद्यावर चार भोकं. त्यांच्या उघड-झापीतून 16 रचना होतात, त्यांतून स्वरांची उंची ठरते. फोन कलता केला की स्वराला कंप सुटतो. दुसऱ्या पडद्यावर पृथ्वीचा गोल दिसे आणि दूरदेशी कुणी अनोळखी माणसाने वाजवलेली धून ऐकू येई. त्यासाठी ध्वनिमुद्रण पाठवलं जात नसे. बोटांच्या हालचाली आणि फुंकरीचा तपशील तेवढा जाई, सूर ऐकणाऱ्याच्या फोनवर नव्याने तयार होई.

पुढे नवलाई ओसरली. दोन-चार धुनींपलीकडे जायचं तर इथेही रियाज लागतोच, आणि तेवढी चिकाटी फार थोड्यांकडे असते. स्म्यूलने 2010 मध्ये ‘मॅजिक पियानो’ आणलं, 2012 मध्ये ‘ओकारिना 2’. पण कंपनीचा भर हळूहळू कराओकेकडे वळला. भारतात स्म्यूलचं नाव घरोघरी पोचलं ते याच कराओकेमुळे. ओकारिना इथे फारसं कुणी वाजवलंच नाही.