व्यसनमुक्तीची संगत

मद्यपी मनुष्य दुबळ्या मनाचा, असे लोक सहज म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. व्यसन हा रोग आहे. सन १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे बिल विल्सन यांस दारूची अनावर ओढ लागली, तेव्हा त्यांनी दुसरा मद्यपी शोधिला: डॉ. बॉब स्मिथ. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. तेथे शुल्क नाही, आडनावाची विचारपूस नाही. संकल्पही आजच्या दिवसापुरताच! मात्र दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊन प्राणावरही बेतते. म्हणून प्रथम वैद्यकीय उपचार हवेत. पुण्यात १९८६ साली अवचट दांपत्याने स्थापिलेल्या ‘मुक्तांगणा’त उपचार व संगत यांची सांगड आहे, तेथे बरे झालेले कित्येकजण पुढे तेथेच समुपदेशक झाले.